नववी ‘ब’चा रांजण

दहा डिसेंबर, सोमवार. रक्कम पस्तीस रुपये, शाळेच्या सहलीची. हजर: मी, माझी मुलगी आणि तिचे वर्गशिक्षक. जागा: लातूरच्या तिच्या शाळेचा व्हरांडा, नववी ‘ब’चे दार. पैसे मी मोजून दिले, सरांनी मोजून घेतले, आणि पावती फाडता फाडता ते म्हणाले, “ताई, तुमच्या मुलीमुळं आमचा वर्ग सलग चौथ्या शनिवारी पहिला आलाय.”

मला वाटले, अभ्यासात. सरांनी बोट दाखवले ते दाराशेजारच्या रांजणाकडे.

जिल्हा नवा होता. मी नांदेडच्या कोषागारात कारकून होते, तिथून बदली होऊन लातूरला आले. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या आल्या, टेबले आली, माणसे आली, घरभाडी वाढली. पाणी तेवढे आले नाही. त्या वर्षी पाऊस ज्वारीच्या फुलोऱ्यातच गेला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा शाळेची बोअर नुसती हवा ओढत होती. नळाला चार दिवसांआड पाणी, तेही तासभर. नवरा हदगाव तालुक्यात शाळामास्तर, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. घरात मी आणि मुलगी, आणि भरलेल्या भांड्यांची रांग.

शाळेने मग एक चाल पाडली. प्रत्येकाने पिण्याचे पाणी घरून आणायचे. शाळा सुटताना ज्याच्या बाटलीत जे उरेल ते त्याने आपापल्या वर्गाच्या रांजणात ओतायचे. खेड्यांतून चालत येणारी पोरे होती, त्यांच्या घरी न्यायला पाणीच नसायचे, त्यांना दुसऱ्या दिवशी त्यातले मिळायचे. शनिवारी हेडमास्तर खुणा केलेली वेळूची काठी घेऊन वर्गावर्गातून फिरायचे, रांजणात बुडवायचे, आणि सोमवारी प्रार्थनेला सांगायचे की सगळ्यात जास्त पाणी कोणत्या वर्गाने दिले. नववी ‘ब’ म्हणजे मुलींचा जास्त भरणा असलेला वर्ग. तो नेहमी पहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनीही कौतुक केले होते म्हणे.

हे ऐकून मला काय वाटले ते सांगते. माझी आई हदगावकडच्या एका खेड्यात विहिरीच्या कठड्यापासून लांब, घागर खाली ठेवून उभी राहायची. कुणीतरी येऊन वरून ओतेपर्यंत उभी राहायची. मी तिच्या लुगड्याला धरून. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरातले देव गेले, पण विहिरीचे अंतर बरीच वर्षे होते तिथेच राहिले. आणि आता त्याच बाईच्या नातीने घरून नेलेले पाणी रांजणात पडत होते, सगळ्या आळ्यांतली पोरे त्यातून पीत होती, आणि वर हेडमास्तर माइकवरून वर्गाचे नाव घेत होते. मी त्या रांजणात डोकावून पाहिले. वरच्या खुणेपर्यंत होते.

तेव्हापासून मुलगी घरी आली की मी विचारायची, “आज किती ओतलंस?”

“पाऊण बाटली.”

“शाब्बास.”

एखाद्या दिवशी ती म्हणायची, “सगळीच.” त्या दिवशी मी तिला दुधाचा चहा करून द्यायची. निळी वॉटरबॅग होती तिची, सव्वा लिटरची. मी हिशेबाच्या टेबलावर बसणारी बाई. सकाळी सव्वा लिटर जाते आणि संध्याकाळी सव्वा लिटरच जमा होते, मग मधल्या सहा तासांत खर्च शून्य कसा, हा प्रश्न कुणाच्या बिलात दिसला असता तर मी ते बिल परत पाठवले असते.

जानेवारीत ती सकाळचा चहा नको म्हणू लागली. पित्त होते म्हणाली. कंबर धरून बसायची. मी म्हटले, दप्तर जड आहे. सकाळी तोंड सुजल्यासारखे दिसायचे. मी म्हटले, थंडी आहे. विज्ञानाच्या चाचणीचा पेपर तिने सहीला आणला. मूत्रपिंडाची आकृती काढून नावे द्या, दहापैकी नऊ. आकृती खरोखर सुरेख होती. एक गुण कशाचा गेला म्हणून मी विचारले. म्हणाली, “एक बाण उलटा दाखवला.” मी सही केली.

सहल जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी निघाली. एसटीची गाडी, अहमदपूर, लोहा, नांदेड. एक मुक्काम, गुरुद्वारा, गोदावरीचा घाट, शनिवारी परत. मुलगी नांदेडमध्येच वाढलेली, वर्गातल्या मुलींना आपली नदी दाखवणार म्हणून आठवडाभर नाचत होती. “आई, यांनी वाहतं पाणीच न्हाई बघितलं. मांजरा नदी म्हणजे यांना वाळूच मालूम हाय.” मी पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वॉटरबॅग भरून दिली.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या कचेरीत फोन आला. सरांचा. “ताई, घाबरू नका. घाटावर तिला थंडी भरून आली. पाठीत लई दुखून राहिलं म्हणते. सरकारी दवाखान्यात आणलंय.” मी साहेबांना सांगून तशीच स्टँडवर गेले. नांदेडच्या गाडीत उभ्याने गेले, लोह्याला बसायला मिळाले.

मुलीला सलाइन लावले होते. ओठांना भेगा. हात लावला तर चटका बसावा असा ताप. सर बाकावर बसून होते, चाळिशीचा भला माणूस, दोन्ही हातांत माझ्या मुलीची निळी वॉटरबॅग धरलेली. मला बघून उठले आणि ती माझ्या हातात दिली. जड लागली. पुऱ्यांचा डबा रिकामा होता, आणि पाणी सकाळी भरलेले तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी सरांना आणि रात्रीच येऊन पोहोचलेल्या माझ्या नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितले. मग पलंगावर बसून मुलीला विचारले, “बेटा, दिवसात किती वेळा जातेस लघवीला?”

मुलीने माझ्याकडे पाहिले.

“आईकडं बघू नको. मला सांग.”

“सकाळी घरी.”

“मग?”

“मग संध्याकाळी घरी.”

“मधे?”

“मधे न्हाई.”

“शाळेत नाहीये का मुतारी?”

“हाय. कुलूप हाय. पाणी न्हाई म्हणून दिवाळीनंतर उघडलीच न्हाई. वास येतो वर्गात.”

“आणि मुलं?”

“पोरं मैदानाच्या मागं भिंतीकडं जातात.”

“तू काय करतेस?”

“मी पाणी पीत न्हाई,” मुलगी म्हणाली. हे तिने असे सांगितले जसे कुणी सांगते, मी सायकल चालवत नाही. “कुणीच पीत न्हाई आम्ही. प्यायलं की लागते. चहा पण सोडला सगळ्यांनी. दुपारी एखादा घोट, तोंड ओलं करायला.”

मी वॉटरबॅग मांडीवर घेऊन बसले होते. चौदा मुली होत्या त्या वर्गात. चौदा बाटल्या रांजणात ओतल्या जात होत्या, काठीने मोजल्या जात होत्या, माइकवरून वाचल्या जात होत्या. मला रांजणात दिसलेली ती वरची खूण आठवली.

मूत्रपिंडाला सूज होती, दोन्ही बाजूंनी, डाव्या बाजूला जास्त. नऊ दिवस ठेवले. इंजेक्शने, सलाइन, पुन्हा इंजेक्शने. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी परत चढला, तेव्हा डॉक्टरबाई माझ्याशी आधीपेक्षा हळू आवाजात बोलल्या, आणि त्या हळू आवाजाने मी जेवढी घाबरले तेवढी तापाच्या आकड्याने घाबरले नव्हते. दवाखान्याच्या मागे एक नळ होता, चोवीस तास वाहायचा, त्याचा वॉशर गेला होता. मी तिथे उभी राहून वाहणारे पाणी बघायची. बंद करून बघायची. होत नसे.

नवरा व्हरांड्यात मला म्हणाला, “घरात तू असतीस. तुझ्या लक्षात कसं न्हाई आलं?”

“तुमच्या शाळेत पोरी कुठं जातात?” मी विचारले.

तो म्हणाला, “मला खरंच मालूम न्हाई.”

सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी लिहून दिले: दिवसाला तीन लिटर पाणी, आणि दर तीन तासांनी लघवी. तोंडी सांगितले, “परत असं झालं तर डावं मूत्रपिंड वाचायचं नाही. आत्ताच थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. शाळेत हे जमणार नसेल तर शाळा सोडा. मी कुणाला शाळा सोड म्हणत नाही. तुम्हाला म्हणते.”

बसमध्ये नवरा म्हणाला, “घरी बसू दे. दहावी बाहेरून देईल.”

मुलगी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “बसते मी घरी. मला तसंही लाज वाटते आता. सगळ्यांना मालूम झालंय कशानं झालं.”

बाहेरून दहावी देणाऱ्या मुली मी पाहिलेल्या होत्या. पहिल्या वर्षी त्या पुस्तके उघडतात, दुसऱ्या वर्षी त्यांना स्थळ येते. मी स्वतः आठ मैल चालत जाऊन मॅट्रिक झालेली. पण मी चालत गेले ते माझे मूत्रपिंड शाबूत होते म्हणून, हेही मला त्या बसमध्ये कळत होते. एका बाजूला तिचे शिक्षण, दुसऱ्या बाजूला तिचा जीव, आणि दोन्हींच्या मधे पत्र्याच्या दाराचे एक कुलूप.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांकडे गेले. वर्गशिक्षकही होते. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. चहा मागवला.

“सर, मुलींची मुतारी उघडा.”

“बाई, प्यायला पाणी न्हाई आणि तुम्ही मुतारी धुवायला मागून राहिल्यात?”

“रांजणात आहे.”

ते दुखावल्यासारखे दिसले. “ते मुलांनी प्रेमानं दिलेलं पाणी हाय. खेड्यातली लेकरं पितात ते. ते मुतारीत ओतू? तुम्हीच सांगा.”



वर्गशिक्षक खाली बघत म्हणाले, “सर, मुलींची अडचण होते खरी.”

“मग आजवर कुणी बोललं का?” हेडमास्तर म्हणाले. “एक पोरगी बोलली? एक आई बोलली?” आणि मग जरा नरमाईने, “असं करा. रोज दोन घागरी पाणी बाहेरून आणायचा इंतजाम करा. वापरायचं, पिण्याचं नको. मी त्याच दिवशी कुलूप काढतो, शिपाईणबाई धुवून घेतील. पण जिम्मेदारी तुमची. एक दिवस चुकलं की परत कुलूप.”

दोन घागरी. ऐकायला काहीच नाही. आमच्या घरी चार दिवसांआड नळाला जे येत होते त्यात आता तीन लिटर नुसते मुलीला प्यायला हवे होते. बैलगाडीवर पिंप घेऊन फिरणारा होता, तो म्हणाला, अख्खं पिंप घ्या, दोन घागरींसाठी बैल वळवत न्हाई मी. नगरपालिकेचा टँकर शाळेला मंजूर नव्हता. कचेरीत एकाने ओळख काढून देतो म्हटले आणि दिली नाही. आठवडा गेला. मुलगी घरी. वार्षिक परीक्षा तोंडावर. दुपारी मी जेवायला घरी यायची तेव्हा ती पुस्तक छातीवर घेऊन छताकडे बघत पडलेली असायची.

मग मी संध्याकाळी वर्गातल्या मुलींच्या घरी गेले. त्यांच्या आयांना भेटायचे ठरवले.

पहिल्या घरी बाई हसली. “अहो बाई, आपल्या येळंला कुठं होतं काय? आपण न्हाई का कळ काढली? बायकांच्या जातीला कळ काढायचं शिकवायला शाळा लागत न्हाई.”

“माझी नऊ दिवस दवाखान्यात होती.”

“नाजूक आसंल.”

दुसऱ्या घरी कळले की त्यांच्या मुलीला संक्रांतीनंतर शाळेतून काढले आहे. कशामुळे, तर आई म्हणाली, “त्या चार दिवसांत काय करायचं तिनं? दर महिन्याला चार दिवस बुडवायची. मास्तर विचारायचे, का आली न्हाई. काय सांगणार मास्तरला? त्यापेक्षा घरीच बरी.” अशा दोन मुली निघाल्या त्या वर्गातून. चौदाच्या बारा झाल्या होत्या, आणि शाळेच्या हजेरीत कारण लिहिले होते, घरकाम.

शेवटचे घर एका आडत दुकानदाराचे. त्याची मुलगी माझ्या मुलीच्या बाकावर बसायची. मोठे घर, मागे अंगणात आड, आणि त्या आडाला त्या टंचाईतही पाणी होते. बाईने मला बसवले. मी सांगितले ते सगळे ऐकून घेतले. मग दाराकडे एकदा बघून म्हणाली, “माझी सकाळी भाकरी पण कोरडी खाते. मी विचारलं तर अंगावर येते.” तिच्या डोळ्यांत पाणी आले. “दोन घागरीच ना? आडाचं न्या. सासूबाईंना मी सांगते, शाळेला द्यायचंय म्हणून.”

मी उठले. म्हटले, “उद्यापासून सकाळी मीच येत जाईन भरायला.”

ती एकदम बोलली, “तुम्ही आडाजवळ नका येऊ हो, ताई.” आणि मग खाली बघून, “माझं काही न्हाई. सासूबाई आहेत. गडी भरून नेऊन टाकेल. त्याला तेवढे रोजचे दोन रुपये द्या तुम्ही, त्यांचं दुकानातलं काम सोडून जाईल तो.”

ती वाईट बाई नव्हती. तिने शब्द शोधून वापरले होते, आणि ते शोधतानाही तिला त्रास झाला होता. मी उंबऱ्यात उभी होते. मागच्या दारातून आड दिसत होता, कठडा, रहाट, ओला दोर. माझ्यापासून तो किती लांब होता ते मला डोळे मिटूनही सांगता आले असते.

मी “बरं” म्हटले.

घरी मुलीला सांगितले, सोमवारपासून कुलूप निघतेय, पाण्याची सोय झाली.

“कुणाच्या आडाचं?”

मी सांगितले.

“भरणार कोण? तू?”

“न्हाई. त्यांचा गडी.”

मुलगी पंधरा वर्षांची होती, पण आमच्या घरात ही गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावी लागत नाही. ती उठून बसली. “मग मी जाणार न्हाई. मरू दे मला.”

“ऐक.”

“न्हाई! तुला हात लावू देत न्हाईत आणि तू त्यांचं पाणी घेऊन येतीस? आजी असती तर काय म्हणली असती?”

मला राग आला. तिचा नाही. मला एवढेच कळत होते की ही आता शाळेत गेली नाही तर पुन्हा जाणार नाही, आणि गेली आणि प्यायली नाही तर त्या डॉक्टरबाईंचा हळू आवाज पुन्हा ऐकावा लागेल. मी तिच्यासमोर बसले आणि तोंडात आले ते बोलले.

“अगं येडे, ते पाणी काय तुला तीर्थ म्हणून प्यायचंय का? आडाला हात लावायचा न्हाई म्हणतात, बरं. पण त्यांच्या आडाच्या पाण्यावर रोज दोनदा मुतायची परवानगी दिलीय त्यांनी, ती तरी सोडू नको. आजी असती तर तिनं तिसऱ्यांदा जा म्हटलं असतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडावर पदरासारखी ओढणी घेतली आणि खांदे हलायला लागले. मला वाटले, रडतेय. हसत होती. महिनाभराने हसत होती. हसता हसता रडायला लागली, मग मीही.

सोमवारी, अकरा फेब्रुवारीला, गड्याने दोन घागरी शाळेत टाकल्या आणि कुलूप निघाले. पहिल्या दिवशी एकही मुलगी गेली नाही. पत्र्याचे दार मैदानाकडे होते आणि पोरे तिकडे बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी आडत दुकानदाराची मुलगी आणि माझी, दोघी एकमेकींचा हात धरून गेल्या. एकीने दाराबाहेर पोरांकडे पाठ करून उभे राहायचे, दुसरीने आत जायचे. तिसऱ्या दिवशी सहा गेल्या. ज्या दोघी काढून घेतल्या होत्या त्या आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी पुन्हा जाऊन आले. एकीचे लग्न ठरून सुपारी फुटली होती.

त्या शनिवारी हेडमास्तरांनी काठी बुडवली. नववी ‘ब’ सगळ्यांत शेवटी आली. सर मला रस्त्यात भेटले तेव्हा हे सांगताना त्यांना हसावे की नाही ते कळत नव्हते. खेड्यातल्या पोरांना पाणी कमी पडू लागले, म्हणून शाळेने शेवटी टँकरसाठी अर्ज केला. टँकर परीक्षेनंतर आला.

मुलगी पास झाली. एप्रिलच्या तपासणीत लघवी साफ आली. डाव्या बाजूचे जे गेले ते गेलेच. आजही तिच्या पिशवीत बाटली असते आणि तिच्याकडे बघताना माझे लक्ष आधी बाटलीतल्या पाण्याच्या पातळीकडे जाते. त्या वर्षी शाळेचे जे दिवस उरले होते, त्यांत ती घरी आली की मी एकच गोष्ट बघायची, वॉटरबॅग उचलून. हलकी लागली की मी बोलत नसे.

गड्याला दर शनिवारी दिले. दहा आठवडे, सुट्ट्यांचे चार दिवस वजा, छप्पन दिवसांचे एकशे बारा रुपये. शेवटचे वीस एप्रिलला, शनिवारी, बारा रुपये. हजर: तो आणि मी. जागा: आडत दुकानदाराच्या मागच्या दाराबाहेर. मी त्याच्या हातावर ठेवायला गेले, त्याने आडाच्या कठड्याकडे कुणी नाही ना ते एकदा बघितले आणि दोन्ही हात पुढे करून माझ्या हातातून घेतले.